रक्तगालन चिकित्सा, बालकांतील

रक्तगालन चिकित्सा, बालकांतील : वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य एकाएकी मंदावल्यामुळे किंवा बंद पडल्यामुळे अत्यवस्थ झालेल्या बालकाचे रक्त शरीराबाहेर आणून, सूक्ष्म छिद्रे असलेल्या पटलाच्या साहाय्याने त्यातील त्याज्य द्रव्ये व अतिरिक्त पाणी काढून टाकून ते रक्त पुन्हा त्याच्याच शरीरात सोडण्याच्या उपचारास बालकांतील रक्तगालन चिकित्सा म्हणतात. या उपचाराने वृक्काचा मूळ रोग बरा होत नाही. इजा झालेले वृक्क पुन्हा कार्यक्षम होईपर्यंत त्यांचे काम बाहेरून चालू ठेवून बालकास जगविणे, एवढाच त्याचा उद्देश असतो. तीव्र विकारातून वाचलेल्या बहुतेक बालकांचे वृक्क काही दिवसांत वा आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात, म्हणून या मधल्या काळाला फार महत्त्व आहे.

मनुष्यावर उपयोगी पडणारे पहिले कृत्रिम वृक्क १९४३ मध्ये तयार झाले, तर केवळ नवजात व तान्ह्या बालकांसाठी बनविलेले यंत्र प्रत्यक्ष वापरात येण्यास २०१३ साल उजाडले. प्रौढांसाठी घडविलेले साधन लहान जीवाच्या मापाचे करण्यासाठी लागलेला हा सत्तर वर्षांचा काळ म्हणजेच या चिकित्सेचा इतिहास होय.

वृक्कांचे कार्य व त्यांची तीव्र अकार्यक्षमता : मनुष्याच्या प्रत्येक वृक्कात सु. दहा लाख मूत्रजनक एकके असतात. प्रत्येक एककाच्या आरंभी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. रक्ताच्या दाबामुळे या गुच्छातून पाणी व लहान रेणू गाळले जातात. रक्तकोशिका व मोठे प्रथिन रेणू मागे राहतात. प्रौढ व्यक्तीमध्ये दिवसाकाठी सु. १८० लि. द्रव अशा रीतीने गाळला जातो व पुढील नलिकांमध्ये त्याचा फार मोठा भाग पुन्हा शोषला जाऊन केवळ दीड ते दोन लि. मूत्र बाहेर पडते. यूरियासारखी त्याज्य द्रव्ये काढून टाकणे, पाणी, सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण राखणे आणि रक्ताची अम्लता मर्यादेत ठेवणे ही कामे त्यातून साधतात.

हे कार्य काही तासांत वा दिवसांत बंद पडले म्हणजे त्यास तीव्र वृक्क अकार्यक्षमता म्हणतात. महाराष्ट्रातील बालकांत तिची नेहमीची कारणे म्हणजे तीव्र अतिसाराने होणारे निर्जलीभवन, जंतुविषरक्तता, हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश, रक्तकोशिका फुटून वृक्कातील सूक्ष्म वाहिन्या तुंबविणारा रक्तविलयन-यूरियारक्तता लक्षणसमूह, जन्मजात हृद्‌दोषावरील शस्त्रक्रिया आणि विषारी वा दूषित औषधे ही होत. यांतील कित्येक कारणांचा पावसाळ्याशी व दूषित पाण्याशी निकटचा संबंध असल्याने अशा रुग्णांची संख्या जून ते ऑक्टोबर या काळात वाढते. मूत्र कमी होणे, अंगावर सूज येणे, धाप लागणे, ग्लानी व झटके ही लक्षणे दिसतात. रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाची क्रिया अचानक थांबू शकते, तर साठलेले पाणी फुप्फुसात उतरल्यास श्वसन अशक्य होते. मृत्यू बहुधा या दोन कारणांनी ओढवतो व हीच दोन कारणे गालनाने दूर करता येतात.

या विकाराची व्यापकता अलीकडेच नीट मोजली गेली. आशिया, ऑस्ट्रेलिया, यूरोप व उत्तर अमेरिका या खंडांतील ३२ बालअतिदक्षता विभागांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीतील ४,६८३ रुग्णांपैकी सु. २७ टक्के बालकांत व तरुणांत वृक्कांना तीव्र इजा झालेली आढळली. ज्यांची इजा गंभीर होती त्यांच्यातील २८ दिवसांपर्यंतचे मृत्युप्रमाण ११ टक्के, तर इतरांतील २·५ टक्के होते.

गालनाची तत्त्वे : रक्त शुद्ध करण्याच्या कृत्रिम रीती मुख्यतः दोन तत्त्वांवर आधारलेल्या आहेत. पहिले तत्त्व विसरणाचे. अर्धपार्य पटलाच्या एका बाजूस रक्त व दुसऱ्या बाजूस योग्य क्षारांचा विद्राव ठेवल्यास ज्या द्रव्याचे प्रमाण रक्तात अधिक आहे ते पटल ओलांडून विद्रावात जाते. या क्रियेस अपोहन म्हणतात. यूरियासारखे लहान रेणू या रीतीने जलद निघून जातात. दुसरे तत्त्व गालनाचे. येथे पटलाच्या रक्ताकडील बाजूस दाब अधिक असल्याने रक्तातील पाणीच पटलातून बाहेर ढकलले जाते व त्याच्या प्रवाहाबरोबर विरघळलेली द्रव्ये, त्यांत मध्यम आकाराचे रेणूही, वाहून जातात. गाळून गेलेल्या पाण्याचा जेवढा भाग शरीराला हवा असतो तेवढा क्षारयुक्त निर्जंतुक द्रव रक्तात परत मिसळला जातो. निसर्गतः वृक्कातील वाहिनीगुच्छाचे काम या दुसऱ्या रीतीने चालते. आधुनिक यंत्रांत दोन्ही रीती स्वतंत्रपणे वा एकत्र वापरता येतात.

अपोहनाचा उगम : अपोहन ही संज्ञा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रेअम (१८०५–६९) यांनी १८६१ मध्ये रूढ केली. चर्मपत्रासारख्या पटलातून स्फटिकी द्रव्ये पार होतात, पण गोंदासारखी कलिली द्रव्ये होत नाहीत, असे त्यांनी दाखविले. सजीवाच्या रक्तावर या तत्त्वाचा प्रयोग १९१३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल, लेनर्ड राउनट्री व बेंजामिन टर्नर यांनी केला. कुत्र्याचे रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून फिरवून त्यांनी ते परत शरीरात सोडले. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून मिळविलेले हिरुडीन त्यांना वापरावे लागले. जर्मनीतील गीसेन येथे गेओर्क हास यांनी १९२४ मध्ये मनुष्यावर पहिले रक्त-अपोहन केले. हेपारीन हे अधिक निर्धोक क्लथनरोधी द्रव्य उपलब्ध झाल्यावर त्यांनी १९२८ मध्ये त्याचा उपयोग केला. परंतु त्यांच्या साधनांची क्षमता अपुरी असल्याने रुग्णांचे प्राण वाचविण्याइतका परिणाम त्यांना साधता आला नाही.

खऱ्या अर्थाने उपयोगी असे यंत्र नेदर्लंड्‌समधील कांपेन या गावी व्हिलेम कोल्फ (१९११–२००९) यांनी दुसऱ्या महायुद्धात, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, बनविले. एका फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची लांब नळी गुंडाळलेली असे व पिंपाचा खालचा भाग क्षारविद्रावात बुडालेला असे. सेलोफेनच्या अशा नळ्या सॉसेजच्या आवरणासाठी तयार होत असत व त्याच त्यांनी वापरल्या. १९४३ पासून उपचार केलेले त्यांचे आरंभीचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षे वयाची, बेशुद्धावस्थेत असलेली एक स्त्री या उपचाराने शुद्धीवर आली व तिचे वृक्क पुन्हा काम करू लागले. त्यानंतर वर्षभरातच स्वीडनमधील लुंड येथे निल्स आल्व्हाल यांनी बंदिस्त रचनेचे असे यंत्र तयार केले की, त्यात दाबाचे नियमन करून रक्तातील पाणी हेतुपूर्वक काढून टाकता येत होते. आजच्या रक्तगालनाचे मूळ या सुधारणेत आहे.

बालकांवरील आरंभीचे उपचार : बालकांच्या बाबतीत आरंभी यंत्रापेक्षा पर्युदर अपोहनच अधिक उपयोगी ठरले. उदराच्या पोकळीचे अस्तर असलेले पर्युदर हे पातळ व रक्तवाहिन्यांनी समृद्ध असल्याने स्वतःच अर्धपार्य पटलाचे काम करते. पोटात नळी घालून विद्राव सोडला, काही वेळ ठेवला व काढून घेतला की त्याबरोबर त्याज्य द्रव्येही बाहेर येतात. जर्मनीत गेओर्क गँटर यांनी १९२३ मध्ये या रीतीचा पाया घातला होता. अमेरिकेत १९४८–४९ च्या सुमारास ब्लॉक्सम व पॉवेल आणि स्वॉन व गॉर्डन यांनी तीव्र वृक्क अकार्यक्षमता असलेल्या बालकांवर ती वापरल्याचे वृत्तांत प्रसिद्ध केले. रक्त शरीराबाहेर काढावे लागत नाही, लहान रक्तवाहिनीत मोठी नळी घालावी लागत नाही व खर्च कमी, हे तिचे गुण. शिवाय शरीराच्या वजनाच्या मानाने बालकाचे पर्युदर प्रौढापेक्षा विस्तृत असल्याने ती बालकांत विशेष परिणामकारकही ठरते. हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ मध्ये सिलिकोन रबराची मऊ, दीर्घकाळ ठेवता येणारी नळी प्रचारात आणल्यावर ही रीत अधिक सुरक्षित झाली.

बालकांवरील रक्त-अपोहनाचा एक आरंभीचा वृत्तांत १९५५ मध्ये मटीर, ग्रीनमन व डनाउस्की यांनी दिला. यंत्रातच मोठ्या प्रमाणात रक्त अडकून राहत असल्याने हा उपचार प्रायः मोठ्या मुलांपुरता मर्यादित राहिला. सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर व वेन क्विंटन यांनी १९६० मध्ये रोहिणी व नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची कायम नळी तयार केली आणि वारंवार अपोहन करणे शक्य झाले. मात्र यंत्रे मोजकी व रुग्ण पुष्कळ अशी स्थिती उद्‌भवली. कोणाला उपचार द्यावयाचा हे ठरविण्यासाठी तेथे नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. तिच्या निवडीत लहान मुलांना स्थान नव्हते. वयामुळे वगळल्या गेलेल्या एका शाळकरी मुलीसाठी अभियंते अल्बर्ट बॅब व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी चालविता येईल असे यंत्र १९६४ मध्ये तयार केले. घरगुती अपोहनाच्या विकासाला या यंत्राने मोठी चालना मिळाली. बालकांच्या निकडीतून प्रौढांच्याही उपयोगी पडेल अशी सुधारणा होण्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

अखंड रक्तगालन : नेहमीच्या रक्त-अपोहनात तीन-चार तासांत पुष्कळ पाणी व द्रव्ये काढली जातात. रक्तदाब आधीच खालावलेल्या अत्यवस्थ रुग्णाला हा झपाटा सोसत नाही. यावर उपाय म्हणून तेच काम संथपणे, अहोरात्र करण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेत ली हेंडरसन यांनी १९६० नंतरच्या दशकात गालनाद्वारे रक्तशुद्धीचा पाया घातला होता. जर्मनीतील गटिंगेन येथे पेटर क्रामर हे १९७७ मध्ये एका रुग्णाच्या मांडीतील नीलेत नळी घालीत असताना ती चुकून रोहिणीत गेली. रोहिणीतील दाबानेच रक्त गाळणीतून ढकलता येईल व पंपाची गरज पडणार नाही, हे त्यांनी ओळखले. रक्त रोहिणीतून बाहेर येऊन, गाळणीतून जाऊन नीलेत परतण्याच्या या पद्धतीस अखंड रोहिणी-नीला रक्तगालन असे नाव मिळाले. साधनसामग्री अल्प व पाणी काढण्याचा वेग मंद असल्यामुळे अतिदक्षता विभागांत ती झपाट्याने पसरली.

तिचा नवजात बालकावरील उपयोग इटलीतील व्हिचेन्त्सा येथे क्लाउद्यो रोन्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केला. त्यासाठी काही थोडे मिलि. रक्त मावेल एवढ्या लहान गाळण्या तयार करण्यात आल्या. तरीही तान्ह्या मुलाचा रक्तदाब मुळातच कमी असल्याने केवळ त्याच्या बळावर चालणारे गालन अनिश्चित असे. रोहिणीत नळी ठेवल्याने पायाचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा धोकाही होता. म्हणून १९९० नंतरच्या दशकात एकाच दुपदरी नळीने नीलेतून रक्त घेऊन पंपाच्या साहाय्याने नीलेतच परत सोडण्याची पद्धत रूढ झाली आणि रोहिणीवर अवलंबून राहण्याची गरज संपली.

बालकांतील विशेष अडचणी : नवजात बालकाच्या शरीरात दर किग्रॅ. वजनामागे सु. ८० ते ८५ मिलि. रक्त असते. तीन किग्रॅ. वजनाच्या अर्भकात ते सर्व मिळून २५० मिलि. भरते. यंत्रातील नळ्या व गाळणी यांत १५० मिलि. रक्त मावत असेल, तर पाच लि. रक्त असलेल्या प्रौढाच्या दृष्टीने तो केवळ ३ टक्के भाग होय; या अर्भकाच्या दृष्टीने मात्र तो ६० टक्के होईल. एकूण रक्ताच्या १० टक्क्यांहून अधिक रक्त शरीराबाहेर राहू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो पाळणे अशक्य असल्यास यंत्र आधी दात्याच्या रक्ताने भरून घ्यावे लागते. पण पेढीतील साठविलेल्या रक्ताची अम्लता व त्यातील पोटॅशियम अधिक असते आणि काही प्रकारच्या पटलांशी अशा रक्ताचा संबंध आल्यास ब्रॅडिकिनीन हे द्रव्य निर्माण होऊन रक्तदाब एकदम कोसळतो. उपचाराचा आरंभच त्यामुळे सर्वांत धोक्याचा क्षण ठरतो.

दुसरी अडचण मोजमापाची. प्रौढासाठीच्या यंत्राने तासाला ३० मिलि. अधिक पाणी काढले, तरी प्रौढास ते सहज सोसते. तीन किग्रॅ. वजनाच्या अर्भकात तीच चूक आठ तास चालू राहिली, तर २४० मिलि., म्हणजे त्याच्या एकूण रक्ताइतका द्रव नाहीसा होईल. तिसरी अडचण नळीची. रक्ताचा पुरेसा प्रवाह मिळण्यास रुंद नळी हवी, परंतु अर्भकाची नीला अरुंद असते. प्रवाह मंद झाला की रक्त गाळणीत गोठते, गाळणी बदलावी लागते व तीत अडकलेले रक्त वाया जाते. याखेरीज शरीराबाहेर फिरणारे रक्त थंड होऊन बालकाचे तापमान उतरते, तसेच प्रतिजैविके व पोषक द्रव्येही गाळली जातात. त्यांच्या मात्रा नव्याने ठरवाव्या लागतात.

रक्त गोठू नये म्हणून हेपारीन दिल्यास ते सर्व शरीरात पसरते व मेंदूत किंवा जखमेत रक्तस्राव होऊ शकतो. भारतीय वंशाचे वैद्य रवींद्र मेहता यांनी अमेरिकेत १९९० मध्ये अखंड पद्धतीसाठी सिट्रेटाचा उपयोग विशद केला. सिट्रेट यंत्रात शिरणाऱ्या रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते व त्यामुळे केवळ यंत्रातच क्लथन रोखले जाते; रक्त शरीरात परतताना कॅल्शियम निराळे दिले जाते. बालकांतही ही रीत आता अनेक ठिकाणी वापरली जाते. यकृत निकामी झालेल्या बालकात मात्र सिट्रेट साठून राहत असल्याने विशेष दक्षता घ्यावी लागते.

केवळ लहान मुलांसाठी असलेले यंत्र रोन्को यांच्याच पुढाकाराने इटलीत तयार झाले. त्याच्या सर्वांत लहान रचनेत सु. २७ मिलि. रक्त मावते. ऑगस्ट २०१३ मध्ये व्हिचेन्त्सा येथे सु. २·९ किग्रॅ. वजनाच्या, रक्तस्रावाने अनेक इंद्रिये निकामी झालेल्या एका नवजात मुलीवर ते प्रथम वापरण्यात आले. चारशे तासांहून अधिक काळ उपचार चालल्यानंतर तिचे वृक्क काम करू लागले व ती घरी गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २·५ ते १० किग्रॅ. वजनाच्या बालकांसाठी हे यंत्र २०२० मध्ये संमत केले. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथेही नवजात बालकांसाठी निराळ्या तत्त्वावरील एक यंत्र माल्कम कूल्टहार्ड यांच्या पुढाकाराने विकसित झाले.

उपचार केव्हा सुरू करावा : पूर्वी रक्तातील यूरियाचे प्रमाण पाहून निर्णय घेतला जात असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष द्रवभाराकडे वळले. शरीरात गेलेला व शरीरातून बाहेर पडलेला द्रव यांतील फरक लिटरमध्ये घेऊन त्यास बालकाच्या भरती होतेवेळच्या किग्रॅ. वजनाने भागले व शंभराने गुणले म्हणजे द्रवभाराची टक्केवारी मिळते. दहा किग्रॅ. वजनाच्या बालकात दोन लि. द्रव साठला असल्यास द्रवभार २० टक्के होतो. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून २००१ ते २००५ या काळात अखंड उपचार घेणाऱ्या बालकांची नोंद ठेवली. एकूण ३४४ रुग्णांपैकी ५८ टक्के वाचले. त्यांपैकी २९७ बालकांच्या अभ्यासात उपचाराच्या आरंभी द्रवभार १० टक्क्यांहून कमी असलेल्यांत मृत्युप्रमाण सु. २९ टक्के, १० ते २० टक्के असलेल्यांत सु. ४३ टक्के व २० टक्क्यांहून अधिक असलेल्यांत सु. ६६ टक्के आढळले. मुळात अधिक आजारी असलेल्या बालकांना अधिक द्रव दिला जातो, हे लक्षात घेऊनही फार वाट पाहू नये असा बोध या आकड्यांतून घेण्यात आला.

अखंड रक्तगालन, संथ केलेले रक्त-अपोहन व पर्युदर अपोहन यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्व बालकांत श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही. रक्तदाब अस्थिर असल्यास, मेंदूस सूज असल्यास किंवा पोटावर शस्त्रक्रिया झाली असल्यास अखंड रक्तगालन सोयीचे ठरते. जेथे यंत्र, प्रशिक्षित परिचारिका व अखंड वीजपुरवठा यांची उणीव असते तेथे पर्युदर अपोहन हाच तत्काळ करता येण्याजोगा उपाय असतो.

भारत व महाराष्ट्र : भारतात रक्त-अपोहनास १९६० नंतरच्या दशकात वेल्लोर, मुंबई इ. ठिकाणच्या मोजक्या रुग्णालयांत आरंभ झाला. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९७१ मध्ये देशातील पहिले यशस्वी वृक्कारोपण झाले. मुंबईत परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात डॉ. विद्या आचार्य यांच्या नेतृत्वाखाली वृक्कविज्ञानाचे अध्यापन व उपचार यांची परंपरा निर्माण झाली. त्याच परिसरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. कुमुद मेहता यांनी बालवृक्कविज्ञान ही स्वतंत्र शाखा रुजविली. देशपातळीवर दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. आर्. एन्. श्रीवास्तव यांचे कार्य या शाखेस पायाभूत ठरले. या सर्व काळात भारतातील बालकांसाठी मुख्य आधार पर्युदर अपोहनाचाच होता. कडक नळी, बाटलीतील विद्राव व रात्रभर जागणारे निवासी वैद्य एवढ्या सामग्रीवर जिल्ह्याच्या ठिकाणीही ते करता येई. अखंड रक्तगालनाची यंत्रे पुढे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत आली. त्यांच्या गाळण्या व द्रव यांचा खर्च मोठा असल्याने अनेक ठिकाणी सहा ते बारा तास चालणाऱ्या संथ रक्त-अपोहनाचा मध्यम मार्ग स्वीकारला जातो.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय अपोहन कार्यक्रम जाहीर करून जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी अपोहनाची सोय करण्यास आरंभ केला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर झाले. वृक्कविकारांवरील उपचारांचा तीत समावेश आहे. या योजनांचा भर दीर्घकालीन वृक्कविकार असलेल्या प्रौढांवर असून अर्भकांसाठी लागणाऱ्या लहान नळ्या, लहान गाळण्या व त्या हाताळणारे हात मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत.

म्हणून रुग्णालयापर्यंतचे अंतर हाही या चिकित्सेचा एक घटक ठरतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या विषमतेचे दोन टोकांचे दर्शन घडते. तालुक्याच्या पूर्वेकडील चांदे, नांदे ही गावे पुणे शहराच्या वाढत्या सीमेला लागून असून तेथून मोठे रुग्णालय गाठणे अवघड नाही. त्याच तालुक्याचा ताम्हिणीकडील घाटमाथा मात्र अतिपर्जन्याचा, विरळ वस्तीचा व दूरचा आहे. अतिसाराने किंवा सर्पदंशाने मूत्र बंद झालेल्या तेथील बालकाच्या बाबतीत पौड किंवा पुणे गाठेपर्यंत गेलेले तासच पुष्कळदा निर्णायक असतात. मूत्र किती वेळा व किती झाले याकडे पालकांनी व प्राथमिक आरोग्य केंद्राने वेळीच लक्ष देणे आणि आवश्यक तेवढाच द्रव देऊन बालकास त्वरित पुढे पाठविणे, यावर यंत्राचे यश अवलंबून असते.

दूषित औषधांनी होणारी वृक्कहानी : या चिकित्सेचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही डायएथिलीन ग्लायकॉल या द्रव्याच्या विषबाधेत स्पष्ट दिसतात. गोडसर चवीचे हे औद्योगिक द्रव्य ग्लिसरीन वा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे दिसते व त्यांच्याऐवजी किंवा त्यांत मिसळून औषधात येते. शरीरात त्याचे रूपांतर होऊन तयार झालेले डायग्लायकॉलिक अम्ल वृक्कनलिकांच्या कोशिकांत साठते व त्यांचा नाश करते. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइडाच्या अशा पातळ औषधाने १०५ जणांचा बळी घेतला. त्यांत ३४ बालके होती. औषध विक्रीपूर्वी त्याची सुरक्षितता सिद्ध करण्याचे बंधन घालणारा तेथील १९३८ चा कायदा या घटनेतून झाला. मुंबईत १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण वृक्क निकामी होऊन दगावले. या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली व औषध-नियंत्रणातील दोष उघडकीस आणले. दिल्ली परिसरात १९९८ मध्ये दूषित खोकल्याच्या औषधाने ३६ बालके आजारी पडली. त्यांपैकी ३३ मरण पावली.

हैतीमध्ये १९९५–९६ साली तापावरील दूषित औषधाने १०९ बालकांना अशी बाधा झाली. तेथेच राहिलेल्या व ज्यांची माहिती मिळू शकली अशा ८७ बालकांपैकी ८५ मरण पावली. अमेरिकेतील अतिदक्षता विभागात हलविलेल्या ११ बालकांपैकी मात्र ३ मरण पावली. प्रवास सोसण्याजोगी बालकेच हलविली गेली असणार, हे गृहीत धरले तरी रक्तशुद्धी व श्वसनास आधार मिळण्याने केवढा फरक पडतो हे या तुलनेवरून दिसते. गँबिया व इंडोनेशिया येथे २०२२ मध्ये याच कारणाने अनेक बालके दगावली.

महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, २०२५ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत खोकल्याचे औषध घेतलेल्या लहान मुलांचे वृक्क एकामागून एक निकामी होऊ लागले. त्यांपैकी अनेकांना सु. १२५ किमी. दूर असलेल्या नागपूर येथील शासकीय व खाजगी रुग्णालयांत आणण्यात आले. तमिळनाडूतील शासकीय प्रयोगशाळेत तपासलेल्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलाचे प्रमाण ४८·६ टक्के आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०·१ टक्का आहे. अपोहन व कृत्रिम श्वसन यांचा अवलंब करूनही वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील बहुसंख्य पाच वर्षांखालील होती. विष रक्तात असेपर्यंत अपोहनाने ते काढता येते, कारण त्याचा रेणू लहान आहे. परंतु मूत्र बंद झाल्यावर बालक रुग्णालयात येते तेव्हा विषाचे रूपांतर बहुधा होऊन गेलेले असते व मेंदू आणि मज्जातंतू यांनाही इजा पोहोचलेली असते. अशा वेळी यंत्र रक्त शुद्ध ठेवू शकते, झालेली हानी भरून काढू शकत नाही.

सद्यःस्थिती : वृक्काची इजा मूत्र कमी होण्यापूर्वीच ओळखू येईल अशा रक्तातील व मूत्रातील निदर्शक प्रथिनांचा शोध, लहान मापाच्या नळ्या व गाळण्या आणि स्वस्त द्रव या दिशांनी संशोधन चालू आहे. रक्तगालनाने वाचलेल्या बालकांपैकी काहींत पुढे मूत्रातून प्रथिने जाणे, रक्तदाब वाढणे व वृक्कांची क्षमता घटणे असे परिणाम दिसतात. म्हणून घरी गेल्यानंतरही त्यांची तपासणी अनेक वर्षे करावी लागते. शुद्ध पाणी, अतिसारात वेळेवर दिलेली जलसंजीवनी, सर्पदंशावरील प्रतिविष आणि औषधांच्या कच्च्या मालाची कसून तपासणी यांमुळे ज्यांच्यावर यंत्राची वेळच येत नाही अशा बालकांची संख्या यंत्राने वाचणाऱ्यांहून कितीतरी मोठी आहे. ज्यांच्यावर ती वेळ येते त्यांना मात्र त्यांच्या मापाचे साधन, ते चालविणारा प्रशिक्षित वर्ग आणि तेथवर वेळेत पोहोचण्याची सोय ही तिन्ही एकत्र मिळावी लागतात. यांपैकी एकाचा अभाव असला तरी उरलेली दोन निरुपयोगी ठरतात.